चार नंबरच्या हौदाचा तळ

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे मावशीच म्हणत. नवरा तिथेच कामाला होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी ही लागली, त्याला बावीस वर्षं झाली होती. काम तसं सरळ. सहा मोठे हौद, प्रत्येकात कमरेएवढी वाळू. गढूळ पाणी वाळूतून झिरपत खाली जातं, स्वच्छ होऊन शहराला मिळतं. हौद धुवायचा तर खालून हवा सोडायची. वाळू खदखदते, घाण वर येते, ती वाहून जाऊ द्यायची.

चार नंबरचा हौद मात्र एका कोपऱ्यात कित्येक वर्षं खदखदत नसे. मावशीनं हे सहा साहेबांना सांगितलं होतं. सहाही जण "बघू" म्हणाले आणि बदली होऊन गेले.

मी तिथे नवी इंजिनियर म्हणून रुजू झाले त्याच वर्षी समुद्रापलीकडच्या एका शहराच्या पाणीखात्याशी आमच्या खात्याचा करार झाला. त्यांची जाणती माणसं आमच्याकडे येऊन राहणार, आमच्या बरोबरीनं काम करणार. आता खोकी भरभरून यंत्रं येणार, अशी सगळ्यांची खात्री. आला तो साठीचा एक उंच, सडपातळ माणूस. तोही हौदवालाच, चाळीस वर्षं हेच केलेलं. पिशवीत गमबूट. आणि पहिल्याच दिवशी मागितलं काय, तर फावडं!

"फावड्यासाठी विमानानं आला होय!" पंपवाला म्हणाला. दुभाषी मीच होते; नशीब, त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

पाहुण्यानं सहाही हौद धुताना पाहिले. चौथ्यापाशी थांबला. मोठ्या साहेबांकडे न बघता थेट मावशीला त्यानं काहीतरी विचारलं.

"तो कोपरा कधीपासून मेलाय, असं विचारतायत," मी म्हटलं.

 मावशीला वाटलं, आता खापर आपल्यावर फुटणार. मग हळूच म्हणाली, "अकरा वर्षं. सांगा त्यांना, मी लपवलं नव्हतं."

मी सांगितलं. तो वाळूत उतरला, गुडघे टेकून कोपऱ्यात दंडापर्यंत हात घातला आणि वर्षानुवर्षं न धुतलेल्या चिखलाचा लिंबाएवढा गोळा बाहेर काढला. तो तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. हौद रिकामा करू."

वाळू उपसायला सहा दिवस लागले. पाहुणा स्वतः फावडं मारत होता, त्यामुळे पंपवाल्यालाही मारावं लागलं. सातव्या दिवशी सकाळी तळ धुऊन निघाला आणि मावशी शिडीवरून खाली उतरली.

बावीस वर्षं ती या हौदाच्या काठावर उभी राहिली होती. तळ तिनं कधी पाहिला नव्हता. फरशीभर हवा वर सोडणाऱ्या बोटाएवढ्या तोट्या उभ्या होत्या, प्रत्येकीला केसाएवढ्या बारीक फटी. चाळीस ओळी, ओळीत पन्नास. मावशीनं ओळी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढ्या जणी खाली राबत होत्या, आणि मला पत्ता नाही!"

कोपऱ्यातल्या सत्तर-एक तोट्या फुटल्या होत्या किंवा चुन्यानं बुजल्या होत्या. आठवडाभर मावशी आणि पाहुणा पाटावर बसून त्या बदलत होते. ती आपल्या भाषेत बोले, तो त्याच्या. दुसऱ्या दिवसापासून मला कुणी हाक मारली नाही.

सगळ्या बसवून झाल्यावर त्यानं तळावर वीतभर पाणी घ्यायला लावलं आणि मावशीला हवेची चावी उघडायची खूण केली. तिनं चाक फिरवलं. क्षणभर काहीच नाही. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कोपऱ्यासकट, दोन हजार ठिकाणी एकदम पाणी फुललं. सगळीकडे सारखं. जणू त्या हौदानं श्वास घेतला. पंपवाल्यानं टोपी काढली. मावशीनं चाक तसंच धरून ठेवलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

वाळू परत भरली. तीन दिवसांनी चौथ्या हौदाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, तेव्हा नळी भरली आहे की रिकामी हे कळायला मला ती हलवून बघावी लागली.

वर्षभरात बाकीचे पाचही हौद मावशीच्या देखरेखीखाली उघडले गेले. मग त्याच करारात नंतर सामील झालेल्या तिसऱ्या एका शहरानं आमच्याकडे माणूस मागितला आणि मोठ्या साहेबांनी तिचं नाव पाठवलं.

"तिथली भाषा येते का तुला?" तिच्या सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग बोलशील काय?"

"वाळू उपसायला लागले की समजेल त्यांना."

ती वीस दिवस तिकडे राहिली. तिथल्या लोकांनी पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे: एका अनोळखी हौदाच्या तळाशी सात-आठ माणसं वाकून बघतायत, आणि मध्ये मावशी, गमबूट घालून, बोटानं ओळी मोजतेय.