अकरा पावलांचं टपाल

आमच्या उंबरखेड्याचे गहिनीनाथ गागरे गुरुजी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी भांडणाचं एम.ए. करायला निघाले, त्यात थोडा दोष माझाही आहे. ते माहितीपत्रक त्यांच्या दारात मीच टाकलं. मी पोस्टमन. राहुरीच्या पोस्टातून टपाल घ्यायचं, चार मैल सायकल मारत गावात यायचं, वाटायचं, आणि गावच्या पेटीतलं काढून पुन्हा चार मैल न्यायचं, हा माझा धंदा. कुठल्या पाकिटात काय दडलंय ते वरून दिसत नाही, आणि दिसलं तरी आम्ही न दिसल्यासारखं करतो.

अभ्यासक्रमाचं खरं नाव मोठं भारदस्त होतं: 'शांतिशास्त्र आणि संघर्ष परिवर्तन'. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं तो सत्तर साली नवीनच काढला होता. पदवीनंतरची दोन वर्षं. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला वर्ग, बाकी सगळा अभ्यास टपालानं, म्हणजे माझ्या सायकलीवरून. गुरुजी राहुरीच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. "आयुष्यभर पोरांकडून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या," ते मला म्हणाले, "आता लढाई थांबते कशी ते शिकून बघतो."

गाव हसलं. शेती शिकवायला विद्यापीठ लागतं, हेच अजून लोकांच्या गळी उतरलं नव्हतं, आणि ते तर डोळ्यांसमोर राहुरीत उभं राहत होतं. त्यात आता शांतताही शिकायची! "भांडायला आमाला कुनी शिकवलं न्हाई," पारावर कुणीतरी म्हणालं, "आन मिटवायला शिकायचं असंल तर गुर्जींनी आधी घरचं बघावं."

ते मात्र खोटं नव्हतं. गुरुजी आणि त्यांचे थोरले बंधू रंभाजीतात्या यांची घरं एका भिंतीची. या दारापासून त्या दारापर्यंत अकरा पावलं. मी मोजली आहेत, त्याचं कारण पुढं येईल. शेतही शेजारी शेजारी. मधला बांध पासष्ट साली हातभर सरकला. तात्या म्हणायचे गुरुजींनी सरकवला, गुरुजी म्हणायचे तात्यांनी. तेव्हापासून सात वर्षं अबोला.

अबोला म्हणजे गप्प बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांना भाऊ नसावेत. या अबोल्यात भरपूर बोलणं चालायचं, फक्त एकमेकांशी नाही. तात्या आपल्या बैलाला मोठ्यानं सांगायचे, "चंद्र्या, लोकांच्या शेळ्या आपला कडबा खात्यात रं!" गुरुजी आपल्या तुळशीला सांगायचे, "शेळी बांधायला घेतली आहे, ओरडू नये." बैल रवंथ करायचा. तुळस काही म्हणायची नाही. सगळं गाव मात्र ऐकायचं.

तर अशा घरातून गुरुजी शांतता शिकायला लागले. पुस्तकं आली, टिपणं आली. एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली, नगरच्या छावणीतल्या गाड्यांच्या बातम्या गावात यायला लागल्या, आणि इकडं आमचे गुरुजी कंदिलाची काच पुसत 'संघर्षाचे टप्पे' वाचत होते. पुढं प्रात्यक्षिक आलं. एक खरं भांडण मिटवून अहवाल पाठवायचा.

भांडणांना काय तोटा! गोजरबाई आणि झुंबरबाई या दोघींचं अंड्यांवरून पेटलं होतं. कोंबडी गोजरबाईची, पण अंडी घालायला जायची झुंबरबाईच्या चुलीमागं. गुरुजींनी दोघींना ओट्यावर समोरासमोर बसवलं. त्यांच्या पुस्तकात एक युक्ती होती: आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगायचं. झुंबरबाईला ही युक्ती फार आवडली. तिनं गोजरबाईचं म्हणणं पदर खोचून, हातवारे करून, एकही शिवी न गाळता असं सांगितलं की गल्ली गोळा झाली. मग गोजरबाईनं झुंबरबाईचं सांगितलं. शेवटी दोघींना एकदमच उमगलं की आपल्याला तमाशा करायला लावणारा हा बाप्या आहे. "आमच्या आमच्यात नाक खुपसनारा तू रं कोन?" म्हणत दोघी मिळून गुरुजींवर धावल्या. तेव्हापासून त्यांचं गूळपीठ आहे.

गुरुजींनी 'संघर्ष मिटला' असा अहवाल पाठवला. पुण्याच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं: 'मध्यस्थाविरुद्ध झालेली एकी म्हणजे शांतता नव्हे. आपल्याला सर्वांत जवळून ठाऊक असलेलं एक भांडण निवडा. दोन्ही पक्षांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, सहीनिशी, एकतीस मार्चपूर्वी पाठवा. त्याशिवाय पदवी मिळणार नाही. आणि लक्षात ठेवा, भांडण जिथं दिसतं तिथं ते बहुधा नसतं.'

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि भिंतीकडं बघितलं. मीही बघितलं. भिंतीपलीकडं तात्या बैलाला पाणी दाखवत होते.

चार दिवसांनी गावच्या पेटीत एक जाड पाकीट निघालं. पत्ता: श्री. रंभाजी मारुती गागरे, उंबरखेडे. मी ते राहुरीला नेलं, शिक्का मारून दुसऱ्या दिवशी परत आणलं. अकरा पावलांच्या वाटेला आठ मैल! "गुरुजी, भिंतीवरून द्यायचं होतं," मी वैतागून म्हणालो. ते गंभीरपणे म्हणाले, "हातात दिलं तर बोलल्यासारखं होतं, आसाराम."

आत चौदा प्रश्नांची प्रश्नावली. वडील लवकर गेले म्हणून तात्यांनी चौथीतून शाळा सोडून औत धरलं होतं. लिहिणं-वाचणं विसरलं, सही तेवढी उरली. गावात ज्यांना वाचता येत नाही त्यांचं टपाल वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहून द्यायचं, हे पोस्टमनकडंच असतं. मी वाचलं. तात्यांनी खाली मान घालून ऐकलं.

"ह्ये बोलनं धरायचं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कागद आहे, तात्या."

"मंग हरकत न्हाई. कागुद म्हंजी बोलनं न्हवं. वाच पयला."

"समोरच्या पक्षाविषयी आपले मत थोडक्यात सांगा."

"चोर हाय. लिही."

पुण्याच्या पत्रात 'त्यांच्याच शब्दांत' म्हटलं होतं, तेव्हा मी तसंच लिहिलं. पुढचा प्रश्न होता, समोरच्या पक्षाशी शेवटचं कधी बोललात. मला वाटलं, आठवत नाही म्हणतील. पण ते चटकन म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, सकाळी. त्यानं इळा मागितला. मी दिला न्हाई." सात वर्षांपूर्वीची सकाळ, आणि विळासुद्धा त्यांच्या ध्यानात होता.

तेरा उत्तरं झाली. चौदाव्यावर त्यांनी हात आडवा केला. "ह्यो राहू दे. आन खाली लिही, पक्ष एकनं इतकं इच्यारलं, आता पक्ष दोन इच्यारतो. पक्ष एकचा खोकला भिंतीतनं ऐकू येतो. त्याला काय औषध चाललंय?"

पाकीट पुन्हा आठ मैल फिरलं. गुरुजींनी वाचलं आणि त्याच अभ्यासू अक्षरात लिहिलं: 'पक्ष क्रमांक एकाचे उत्तर: अडुळसा.' त्यावर पक्ष दोनचं पुढच्या टपालानं: 'अडुळशानं काय व्हनार, नगरला दाक्तरला दाखव.' मग पक्ष एकची विचारणा, पक्ष दोनच्या गुडघ्याचं काय. फेब्रुवारी असाच गेला, अर्धा मार्च गेला. दोन भावांच्या चौकशा वाहून माझ्या सायकलीची साखळी दोनदा तुटली. पण चौदावा प्रश्न कोराच होता, आणि तो कोरा असेपर्यंत प्रश्नावली पुण्याला जाणार नव्हती. 'हे भांडण मिटण्यासाठी काय व्हायला हवे होते?' एवढाच तो प्रश्न.

एके दुपारी तात्यांनी मला ओट्यावर बसवलं. आपल्या बायकोला, भागिरथीवहिनींना, म्हणाले, "जा, गाय बघून ये." वहिनी गेल्या. मग बराच वेळ ते पटक्याचं टोक चाळवत राहिले.

"लिही," ते म्हणाले. "बांध मीच सरकवला."

माझा पेन थांबला.

"लिही की! चौसष्ट साली त्यो बी.ए. झाला. गावात पयला. शाळंत सत्कार हुता. मी नवा पटका बांधून मागं हुबा. त्यानं भाशान केलं. हेडमास्तरचं आभार मानलं, सरपंचाचं मानलं. कंदील दिला त्या दोस्ताचं मानलं. वाचनालयाच्या शिपायाचंबी नाव घेतलं. मी हुबाच. आता घेईल, मंग घेईल. टाळ्या झाल्या, लोक उठलं. वरीसभर मी गप बसलो. मंग बांध सरकवला. कायतरी भांडायला पाहिजे हुतं ना. असल्या गोष्टीवरनं भांडलो म्हनून सांगितलं असतं तर लोक हसलं असतं."

मी लिहिलं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. त्यांनी सही केली, एकेक अक्षर दाबून.

दुसऱ्या दिवशी ते पाकीट मी गुरुजींच्या हातात दिलं आणि तिथंच रेंगाळलो. गुरुजींनी वाचलं. चष्मा काढला, परत घातला.

"मी मुद्दाम नाही रे गाळलं," ते म्हणाले. "दादाचं नाव ओठावर आलं होतं. वाटलं, आभार परक्यांचे मानतात. ओढ्याला पाणी असलं की यानं मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं, त्याला काय 'आभारी आहे' म्हणायचं? तो दुखावेल म्हणून गिळलं."

"मग हे त्यांना सांगा की!"

"कसं सांगू? अबोला आहे."

दोन वर्षं शांततेचा अभ्यास केलेल्या माणसाचं हे उत्तर. मला असा संताप आला की मी घंटी वाजवतच निघून गेलो.

दिवस जात राहिले, पुण्याचं पाकीट काही पेटीत पडेना. अठ्ठावीस तारखेला तात्यांनी मला आपल्या दारात अडवलं. "त्याचं टपाल गेलं का?"

"टपालाचं गुपित सांगता येत नाही, तात्या," मी म्हणालो. "पण नाही गेलं."

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि गुरुजींच्या दाराकडं निघाले. मी सायकल भिंतीला टेकवून मागं धावलो. अकरा पावलं त्यांनी सहातच टाकली असतील. गुरुजी दारात उभे होते. तात्यांनी ना बैल बघितला ना तुळस.

"ए गाढवा!" सात वर्षांनंतरचा पहिला शब्द. "कागुद का धाडला न्हाईस?"

गुरुजी पार गडबडले. "दादा... तुझं दुखनं पेपरात घालून मी पास व्हऊ व्हय?"

"मंग? मी औत धरलं ते तू शिकावं म्हनून, नापास व्हावं म्हनून न्हाई! धाड त्यो कागुद!"

"धाडतो. पन आधी ऐक." आणि गुरुजींनी सांगितलं, अडखळत, खोकत, चुकलेल्या पोरासारखं. परक्यांचे आभार, ओढा, खांदा, सगळं. शेवटी म्हणाले, "आपल्या मानसाचं आभार कुनी मानतं का, दादा?"

गल्लीत गोजरबाई आणि झुंबरबाई एका उंबऱ्यावर बसून कान टवकारून होत्या.

"न्हाई मानत," तात्या सावकाश म्हणाले. "त्ये खरं हाय. आभार कुनाला पायजे हुतं? नाव तर घ्यायचं."

गुरुजींनी वाकून तात्यांच्या पायाला हात लावला. तात्या म्हणाले, "बास, बास. टपाल निघायचं हाय," आणि माझ्याकडं वळून ओरडले, "आसाराम, बघत काय ऱ्हायलास? पाकीट घे की!"

मी पाकीट घेतलं आणि राहुरीपर्यंत अशी सायकल हाणली की गाडीचं टपाल बांधायच्या आत पोचलो. निघताना मागं आवाज चढलेले ऐकू येत होते. बांध पुन्हा मागं घ्यायचा की आहे तिथं राहू द्यायचा, यावर दोघे तोंडातोंडी भांडत होते.

जून महिन्यात गुरुजी दुसऱ्या वर्गात पास झाले. या भांडणावर नंतर लिहिलेल्या प्रबंधाची टाइप केलेली प्रत त्यांनी मला मोठ्या हौसेनं दाखवली. पहिल्याच पानावर, एकट्या ओळीत: 'माझे थोरले बंधू रंभाजी मारुती गागरे.' आभार नाहीत, काही नाही, फक्त नाव. मी म्हणालो, छान केलंत. मग पानं उलटत 'मध्यस्थ' या प्रकरणावर आलो. तिथं गुरुजींनी फार सुंदर लिहिलं होतं: दोन्ही पक्षांचा शब्द न बदलता पोचवणारा माणूस नसता तर हा संघर्ष मिटला नसता. हा माणूस म्हणजे, असं म्हणून पुढं होतं, 'एक स्थानिक टपाल कर्मचारी'.

मी ते पुन्हा वाचलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. "छान आहे," म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचं टपाल मी सगळं गाव वाटून झाल्यावर, सगळ्यात शेवटी द्यायला लागलो. त्यांनी अजून कारण विचारलेलं नाही.