रॉकेलचा वास

वादळ किनाऱ्यावरून गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं रिलीफ कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, मालवणला पोचलं. मी तेव्हा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये नाईक होतो. गाव माझं पिंगुळीजवळ, त्यामुळे ही ड्युटी घरचीच होती. रेशनची जबाबदारी सुभेदार आंतोन फर्नांडिस यांच्यावर होती. तेही इथलेच. अन्न तपासणीचं प्रशिक्षण घेतलेले, कमी बोलणारे.

खाडीपलीकडच्या वाडीचा संपर्क तुटला होता. भरती ओसरण्याआधी बोट सुटायला हवी होती. बनपावाचे क्रेट जेट्टीवर उतरवले आणि रॉकेलचा भपकारा आला.

सगळ्यांनी टेम्पोचालक बाबलोकडे बघितलं. त्याच्याबरोबर आलेला हवालदार म्हणाला, "रॉकेलच्या गाडीत खाणं भरलंस?"

बाबलोचा चेहरा उतरला. "मी रॉकेल भरूकच नाय, साहेब. गाडी बघा."

सुभेदारसाहेबांनी गाडी बघितली नाही. मधल्या क्रेटमधलं सीलबंद पाकीट काढलं, फोडलं, नाकाशी नेलं. मग बन मोडला. आत कडेला निळसर-हिरवे ठिपके होते.

"वास सीलच्या आतला आहे," ते म्हणाले. "हें रॉकेल न्हय. बुरशी आसा."

मग आम्हाला समजावलं. बन टिकावा म्हणून त्यात सॉर्बेट नावाचं रसायन घालतात. बहुतेक बुरशी त्याने थांबते. पण काही जाती त्याला दाद देत नाहीत. उलट त्याचंच विघटन करतात, आणि त्यातून जे तयार होतं त्याला रॉकेलसारखा वास येतो.

हवालदार बाबलोला म्हणाला, "चुकलं माझं."

वाडीतून बोटीने आलेली एक म्हातारी पुढे झाली. "पोरां उपाशी आसत. वास आमी सोसू."

"आये, वायच थांब. ह्या मी माझ्या पोरांकय दिवचंय नाय."

सुभेदारसाहेबांनी वायरलेस सेट उचलून वरच्या अधिकाऱ्यांना कळवलं. "ब्रेड रिजेक्ट, सर. बदल्यात आमच्या कोट्यातला तांदूळ-डाळ देतो. ओव्हर."

"तुमचे जवान काय खाणार? ओव्हर."

"अर्धं जेवण, सर. ओव्हर."

"ॲप्रूव्ड. आऊट."

पोती मानवी साखळीने बोटीत चढली. भरती ओसरण्याआधी बोट सुटली. बाबलोही पोती देत होता.

बुरशी बाकीच्या मालाला लागू नये म्हणून त्या दुपारी आम्ही रेशन ठेवायची कोठाराची खोली धुतली. एक जवान मळक्या जमिनीवर ब्लीचिंगचं पाणी ओतत होता. साहेबांनी त्याच्या हातून बादली घेतली. "आधी साबणाने घासा. घाणीवर ओतलंत तर औषध घाणीतच संपतं. मग ताजं पाणी करा आणि जमीन थोडा वेळ ओली राहू द्या. बुरशीचे बीजाणू चिवट असतात." नंतर स्वतःच गुडघ्यांवर बसून कोपरे घासले. रात्री आमच्या ताटात अर्धाच भात होता.

त्यानंतर आमची बदली पूर्वेकडे झाली. तिथल्या पुरात रेशनची बोट उलटली. साहेबांनी दोन जवानांना झाडाच्या फांदीपर्यंत पोचवलं. तिसऱ्यासाठी परत वळले. साहेब आणि तो, दोघांचेही मृतदेह सापडले ते पाणी उतरल्यावर. तिसरा शिपाई राणे, इन्सुलीचा.

साहेबांना तिरंग्यात गुंडाळून गावी आणलं, तेव्हा मी सोबत होतो. दफन झाल्यावर त्यांच्या पत्नीने मला बाजूला बोलावलं.

"पुरातल्या त्या लोकांका रेशन पोचलां?"

"होय, बाय. दुसऱ्या बोटीन पोचलां."

त्यांनी मान हलवली, आणि लोकांना पाणी द्यायला आत गेल्या.