रामाजींच्या दुकानातला बस्ता

वर्ध्याच्या बाजारात रामाजी कापड विकायचे म्हणण्यापेक्षा, रोज कापडाचा खेळ लावायचे. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की पातळाची घडी अशी उलगडायची, की पदर अलगद समोरच्या बाईच्या मांडीवर उतरावा. कोणी निम्म्या भावात मागितलं की रामाजी डोळे मिटून घ्यायचे, जसं काही कोणी गेल्याचीच खबर आली. मग हसू, चहा, पुन्हा घासाघीस. लग्नाच्या कापडखरेदीला, म्हणजे बस्त्याला, दोन्हीकडची माणसं यायची आणि अख्खा दिवस तिथेच रंगायची.

पण साठी उलटली आणि घसा बसायला लागला. तीच लाडीगोडी, तेच लटकं रुसणं, याचाही शीण येऊ लागला. दोन हजार तीन साली त्यांचा मुलगा निकेश नागपूरहून व्यापाराचं शिक्षण घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, तुमी आता आराम करा. लोकाईले इतकी बडबड नाई पायजे."

रामाजींना वाईट वाटायला हवं होतं. हायसं वाटलं.

गादी गेली, काचेचे काउंटर आले. 'एकच भाव' अशी पाटी लागली. ऑटोवर भोंगा बांधून गावभर पुकारा झाला. सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या पोरी येऊन झटपट ड्रेस नेऊ लागल्या. निकेशचं काही चुकत नव्हतं. फक्त लग्नसराई अर्धी सरली तरी एकही बस्ता झाला नव्हता, आणि दुकानाचं वर्ष निघायचं ते बस्त्यांवरच.

एका दुपारी पवनारच्या मनकर्णाबाई आल्या. लेकींचे बस्ते त्यांनी इथेच केले होते. आता नातीचं लग्न होतं. सोबत नवरदेवाकडची माणसं होती.

"काऊन जी, बसाले जागा नाई ठेवली? आमी काय तिकिटाच्या लाइनीत लागलो काय?"

निकेशनं स्टूल सरकवलं, शालू दाखवला, भाव सांगितला.

"काई कमी कर ना बापू."

निकेशनं हसून पाटीकडे बोट केलं. मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. मागे विहीणबाई बघत होत्या. "पाह्यतो मंग," म्हणत सगळे पायऱ्या उतरले.

आत बसून हे सगळं पाहत असलेल्या रामाजींनी त्यांना कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी गाठलं. "रागावल्या काय जी?"

मनकर्णाबाई त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "राग कायचा? भाव बराबर होता तुमचा. पन इहिनीच्या समोर माह्या शब्दाले एक रुपया उतरला नाई. उद्या पोरीले त्याच घरात राह्याचं हाये, रामाजी."

"चला, दुकानाच्या माडीवर बसू," रामाजी म्हणाले.

दुकानात शिरताच त्यांनी निकेशला सांगितलं, "तुह्या भोंग्यानं मानूस दारात येते. आत आल्यावर त्याचा मान ठेवा लागते. पाटी खालीच राहू दे. बस्ता वर होईन."

"वर बसंन कोन?"

"मी. अजून कोन हाये?"

हे बोलताना त्यांना मुळीच आनंद झाला नाही. गुडघ्यावर हात टेकत ते जिना चढले, सतरंजी अंथरली, शालू उलगडला, मुद्दाम चढवून भाव सांगितला.

"शेठ, दिवसाढवळ्या लुटता काय?" मनकर्णाबाई कडाडल्या.

रामाजी विहीणबाईंकडे वळले. "पाहा जी, या बाईसमोर माह्यं कधीच चालत नाई," म्हणाले आणि भाव उतरवला.

विहीणबाईंनी सरकून मनकर्णाबाईंना मधोमध जागा करून दिली. "आता मानाचे पातळं तुमीच निवडा," त्या म्हणाल्या.

मानाच्या पातळांची यादी लांबलचक होती. रामाजींनी खाकरून घसा साफ केला आणि पुढचा गठ्ठा ओढला.