आश्विनातला अंदाज

पावसाचं पाणी रोज सकाळी मोजायचं आणि ओतून टाकायचं, असा आमच्या कचेरीचा नियम होता. किश्शांना असला नियम नाही, त्यामुळे ते साचत जातात. रत्नागिरीच्या वेधशाळेत मी पंधरा वर्षं काढली. वेधशाळा हे नाव मोठं. प्रत्यक्षात समुद्राच्या बाजूला दोन खोल्यांची कौलारू इमारत आणि माणसं दोन! हेड ऑब्झर्व्हर दामूअण्णा, मूळचे गुहागरचे, आणि त्यांच्या हाताखाली मी.

ज्येष्ठ-आषाढात आम्हांला कुणी विचारत नसे. पाऊस पडणारच, त्यात अंदाज कसला? आमची अब्रू जायची ती आश्विनात. भात पिवळं होऊन कापणीला आलेलं, मचवे नुकतेच समुद्रात लोटलेले, आणि परतीचा पाऊस काही परत जायचं नाव घेत नसे. सगळा तालुका एकच प्रश्न विचारायचा, आणि नेमकं त्याचंच उत्तर आम्हांला येत नसे!

*

अंदाज आम्ही करत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही फक्त वारा, ढग, हवेचा दाब मोजायचा आणि तारेने वर कळवायचा. वरच्या कचेरीतले साहेब नकाशे बघून अंदाज ठरवणार, तो तारेने खाली येणार आणि अण्णा तो दारातल्या फळ्यावर खडूने लिहिणार.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी तार आली. अण्णा खडू घेऊन बाहेर गेले आणि लिहायला लागले. एक म्हातारा शेतकरी इरलं पांघरून मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काय लिवलंय ओ?"

अण्णा म्हणाले, "हवा कोरडी राहील."

"मंग पुसताव कशाला?"

"मी कुठे पुसतोय? पाऊस पुसतोय!"

*

पेठेत एक जोशी भटजी होते. पंचांग बघून नक्षत्रांचा पाऊस सांगायचे. चित्रा नक्षत्राचं वाहन बेडूक असलं की पाऊस धो धो, गाढव असलं की बेताचा. त्यांच्या ओटीवर ही गर्दी! आमच्या फळ्यापुढे कधीमधी एखादी गाय.

एकदा लागोपाठ चार अंदाज चुकले. अण्णांनी दोन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. त्या जोश्याला विचारून येऊ. कुणाला बोलू नकोस."

चढावर पोचतो तो समोरून जोशी भटजीच येताना दिसले.

"कुठे निघालात?" अण्णांनी विचारलं.

भटजी ओशाळले. "तुमच्याकडेच. म्हटलं, यंत्र काय सांगतं ते विचारावं."

"अहो, पण तुमचं पंचांग?"

"ते लोकांसाठी हो! उद्या माझं स्वतःचं भात कापायचंय!"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग अण्णा म्हणाले, "मी तुमच्याकडेच निघालो होतो." दोघं आपापल्या घरी गेले.

*

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी वरून एक गोरे साहेब तपासणीला आले. यंत्रं पाहिली, खूश झाले. मग मागच्या वर्षांची रजिस्टरं मागवली. शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असे. तिथे अण्णांनी आपल्या इंग्रजीत लिहून ठेवलं होतं : "पाऊस. कापलेलं भात भिजलं." "पाऊस. खळ्यात पाणी." "पुन्हा पाऊस. काय बोलावं!"

साहेबांनी भुवया उंचावल्या. "हा रकाना ढगांविषयी आहे."

अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, ढग आल्यावर खाली जे होतं, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने खरोखर विचार केला, सगळे रकाने बोटाने तपासले आणि म्हणाला, "त्याला रकाना नाही."

*

सखूबाईचा किस्सा मी फारसा सांगत नाही. ती मिरजोळ्याची. नवरा मुंबईत गिरणीत, घरी सासू आंधळी. दोन कुणग्यांचं, म्हणजे दोन लहानशा शेततुकड्यांचं, भात काय ते तिचं. आश्विनातल्या एका सकाळी चालत आली आणि दारातच विचारलं, "कापू का ओ भात? पाऊस येल काय?"

त्या दिवशीची तार होती : पावसाचा संभव. अण्णा म्हणाले, "बाई, चार दिवस थांब."

ती थांबली. चार दिवस लख्ख ऊन! शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भात कापून, झोडून घरात गेलं. पाचव्या दिवशी ती पुन्हा आली. तार होती : हवा निरभ्र. अण्णा आनंदाने म्हणाले, "जा, आता खुशाल काप."

तिने एकटीने दिवसभर कापलं आणि भात वाळायला शेतातच आडवं ठेवलं. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग चढले. मग सहा दिवस पाऊस थांबला नाही.

सातव्या दिवशी सखूबाई आली. भांडायला आली असं मला वाटलं. मी उठून उभा राहिलो. तिने पदरातून मूठभर लोंब्या काढल्या आणि अण्णांच्या टेबलावर ठेवल्या. दाण्यादाण्याला हिरवे कोंब फुटले होते.

"बघा," ती म्हणाली, "तुमचा अंदाज उगवला."

*

वादळाचं मात्र निराळं होतं. बंदरावरच्या काठीला वादळाचा बावटा लावायचा, तो वरून हुकूम आला तरच. एका कार्तिकात हवेचा दाब भराभर उतरायला लागला. हुकूम नव्हता. अण्णांनी स्वतःच्या जबाबदारीवर बावटा चढवला. मिरकरवाड्यातला एकही मचवा बाहेर गेला नाही. आणि तीन दिवस आभाळ काचेसारखं स्वच्छ! खारव्यांनी शिव्या घातल्या त्या घातल्याच, वरून लेखी ताकीद आली : पुन्हा असं केल्यास नोकरी जाईल.

पुढच्या वर्षी, त्याच सुमाराला, दाब पुन्हा उतरला. अण्णा दर तासाला बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, बावटा?"

"हुकूम येऊ दे."

दुपारी पांडू तांडेल आला. मचव्याचा हा म्होरक्या, अण्णांना फार मानायचा. "अण्णा, बावटा नाय लावलात?"

"हुकूम नाही रे."

"हुकमाचं सोडा ओ. तुमाला काय वाटतं?"

अण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. म्हणाले, "मला वाटून काय उपयोग? मागच्या वर्षीही वाटलंच होतं."

पांडू हसला. "ता पण खरा," म्हणाला आणि गेला. मचव्यावर त्याच्यासकट सात जण होते.

वादळ दुसऱ्या दिवशी आलं. हुकूम चौथ्या दिवशी आला : वादळाचा बावटा ताबडतोब लावा. हुकूम तो हुकूम! अण्णा स्वतः बंदरावर गेले आणि दोरी ओढून बावटा वर चढवला. किनाऱ्यावर सात घरची माणसं मचव्याची वाट बघत उभी होती. सगळ्यांनी वर पाहिलं. तेव्हा छान ऊन पडलं होतं.

*

आता एकच सांगतो.

पांडूची बायको पारू. वादळानंतर आठवड्याने ती सकाळी वेधशाळेत आली. पायरीखाली उभी राहून तिने अण्णांना विचारलं, "आज वारा कुठला?"

थंडीच्या दिवसांत सकाळी आमच्याकडे मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. अण्णांनी सांगितलं, "मतलई."

"मंग आज कसा येल! वारा उलटा हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. तिने विचारायचं, अण्णांनी "मतलई" म्हणायचं, तिने जायचं. खोटं नव्हतंच. वारा रोज तोच होता.

फाल्गुनात एका सकाळी मी दार उघडलं तर वारा फिरला होता. सरळ समुद्रावरून येत होता. माडांच्या झावळ्या सगळ्या गावाकडे वळलेल्या. अण्णा बाहेर आले, तोंडावर वारा घेतला आणि जागच्या जागी थांबले. पारू पायरीशी येऊन उभी होती. तिचा पदर वाऱ्याने गावाकडे फडफडत होता.

"आज वारा कुठला?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनी मोजमाप कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मतलई."

पारूने उडणारा पदर हाताने धरला आणि खोचला. "मंग आज बी नाय यायचा," ती म्हणाली, आणि रोजच्यासारखी गेली.