दोन्ही गावांत राहणारा माणूस

मंडळी, मी आज पणजी झाले.

सकाळी नातसुनेला ऑपरेशनला नेलं अन् डॉक्टर म्हणाले, बी निगेटिव्ह रक्त लवकर आणा. नातवानं, नीलेशनं, रक्त देणाऱ्यांची वेबसाइट बनवलीय. जास्त माणसं दिसतील म्हणून मी फिल्टरमध्ये दापोरा अन् राजपुरा या दोन्ही गावांवर टिक केलं. एकही नाव आलं नाही. मी तिथंच रडायला लागले.

नीलेशनं मोबाइल पाहिला. "आजी, माझीच चूक. हे दोन्हीकडं राहणारा माणूस शोधतंय."

"तसे तुझे आजोबाच होते रे. शेत दापोऱ्यात, घर राजपुऱ्यात."

त्यानं एक टिक काढली, तर दापोऱ्याचा केळीवाला दिसला. बिचारा धावत आला.

मायलेकी बऱ्या आहेत. फिल्टरही दुरुस्त झालाय. पण त्या वेबसाइटवर रक्त देणाऱ्यांत तुमचं नाव आहे का?