आठची गोळी

माझा नवरा घड्याळजी, पण त्याची वेळ सांभाळायची ती त्याची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी ताईंनी त्याला आपली एक किडनी दिली आणि त्याच्यावरचा हक्कही सोडला नाही. सकाळी आठला फोन, रात्री आठला फोन. "घेतलीस का गोळी?" सख्ख्या बहिणीची असली तरी शरीराला ती किडनी परकीच, गोळी चुकली की ते तिच्यावर उठतं. मी एकदा चिडून म्हटलं, "मी काय इथे बंद पडलेलं घड्याळ आहे?" तर म्हणाल्या, "तू भोळी आहेस गं. तुला हा थापा मारेल."

गेल्या वर्षी हृदयविकारानं त्या गेल्या. फोन थांबला, पण आठच्या ठोक्याला नवऱ्याचं "घेतली गं, ताई" थांबलं नाही. पोटात जिथे ती किडनी बसवलीय तिथे हात ठेवून म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुढे आठच्या सुमाराला मीही कान देऊन बसायला लागले.

अधूनमधून रक्तातलं औषध मोजतात. त्या सकाळी आधी रक्त द्यायचं, मग गोळी घ्यायची, नाहीतर औषधाचा आकडा फुगून येतो. ताईंना हे पाठ होतं. त्या दिवशी त्या मुद्दाम उशिरा फोन करायच्या.

या खेपेला तो एकटाच गेला. नंतर डॉक्टर म्हणाले, औषध जास्त दिसतंय, आणि मात्रा कमी केली. तीन आठवड्यांत पाय सुजले. शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली होती.

"त्या दिवशी गोळी घेऊन रक्त दिलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. लॅबमध्ये रांग होती, आठ वाजले. ताईनं विचारलं, मग घेतली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ?

त्याला दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध दिलं, गोळ्यांची मात्रा पुन्हा वाढवली. खाटेवर तो लहान मुलासारखा रडला. "ताई दुसऱ्यांदा जाईल गं, माझ्यामुळे." मला त्याच्यावर खूप ओरडायचं होतं. जमलं नाही.

किडनीच्या तपासणीतले वाढलेले आकडे हळूहळू उतरायला लागले. आज पुन्हा रक्ततपासणी होती, मी सोबत गेले. रांगेत असतानाच आठ वाजले आणि त्याचा हात खिशाकडे गेला. मी मनगट धरलं. तो कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा थांबला, घाबरून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली.

नंबर आला, तो आत गेला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे बघत मी हळूच म्हटलं, "रक्त देऊन झालं की घेईल हो, ताई. मी आहे ना."