तुरीच्या बांधावरची म्हातारी

वरोऱ्याकडे तुरीच्या बांधावर काठी घेऊन बसणाऱ्या एका म्हातारीने मला वाचवलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. मी बीडकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, तिथे रस्त्याच्या कामावर होतो. भूक लागली म्हणून कडेच्या हिरव्या शेंगा सोलून दाणे तोंडात टाकले, तोच मनगटावर काठी बसली.

“थूक बे! गिळला का?”

तिने बोट घालून दाणे काढले, चुळा भरायला लावल्या.

“आजी, दोन शेंगांसाठी मारता व्हय? चोर नाय मी.”

“चोराले कोन राखते? मी खानाऱ्याले राखतो. कालच अळीसाठी फवारलं. माही नात अशाच शेंगा खाऊन मेली.”

“मग फवारता कशाला?”

“नाई फवारलं तं अळी दाना ठेवते का?”

संध्याकाळपर्यंत तिने मला जवळ बसवून ठेवलं. थोड्या थोड्या वेळाने हनुवटी धरून डोळ्यांत बघायची. रस्त्यावर कोणी थांबलं की काठी आपटायची. मला काही झालं नाही. राखणीला दुसरं कोणी नाही, म्हणून फवारणीनंतर ती घरी जातच नाही, म्हणाली.

कधीतरी फवारणीच्या दिवसांत मी परत जाईन. बांधावर मी बसेन आणि तिला घरी जाऊन झोपायला सांगेन.